पारिजातकाचा सडा पदरावर कसा येतो?

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात तळमजल्यावरच्या काकूंनी एक फोटो टाकला. मोरपंखी पैठणी आणि पदरभर पारिजातकाचा सडा, एकेक पाकळी अशी नाजूक की फुंकर मारली तर उडेल. खाली मेसेज, "हे विणून मिळेल का गं? तू कापडातली आहेस म्हणून विचारते." फोटो एआयने बनवलेला होता हे त्यांच्या नातवाने दोन मेसेज नंतर सांगितलं, पण तोवर सात बायकांनी किंमत विचारून झाली होती.

हल्ली हे सगळीकडे चाललंय. लोक एआयकडून साडी काढून घेतात आणि फोन घेऊन पुण्याच्या लक्ष्मी रोडला जातात, दुकानदार म्हणतो "असं नाही होत मॅडम", आणि का नाही होत ते कोणीच सांगत नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, की झाडावरचं फूल कापडावर येतं म्हणजे नेमकं काय होतं. मी गेली बरीच वर्षं कापडाची डिझाईनं काढते, चुका भरपूर केल्यात, त्यातल्या दोनतीन इथे येतीलच.

आधी रांगोळी आठवा

रांगोळी दोन प्रकारची. एक मुक्तहस्त, म्हणजे हात जाईल तशी रेघ. आणि दुसरी ठिपक्यांची, पंधरा ते एक किंवा काय असेल ते, जिथे रेघ ठिपक्यावरूनच जाणार. छपाई ही मुक्तहस्त रांगोळी आहे आणि विणकाम ही ठिपक्यांची. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात तो ताणा, आणि त्यातून आडवा जातो तो बाणा. नक्षी म्हणजे कुठल्या चौकटीत कुठला रंग वर दिसणार एवढंच. गोल रेघ नावाची गोष्ट मागाला माहितीच नाही, त्याला फक्त पायऱ्या माहितीयेत, आणि धागे खूप बारीक असले की त्या पायऱ्या लांबून गोल दिसतात. समजा एका इंचात ऐंशी धागे आहेत आणि तुमची बुट्टी, म्हणजे कापडावरची सुटी छोटी नक्षी, पाऊण इंचाची, तर अख्खं फूल साठ चौकटीत बसवायचं. त्यात पाकळी, देठ, पाकळीची दुमड, परागकण सगळं. मावेल का? नाही मावत. मग काय काढून टाकायचं हे ठरवणं, तेच डिझाईन. एआयच्या फोटोत हे ठरवलेलंच नसतं, त्याने फुलाचं चित्र काढलेलं असतं साडीच्या आकाराच्या कागदावर.

यात माझी पहिली फजिती सांगते. कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकातून साधा ग्राफ पेपर आणला, त्यावर चाळीस बाय चाळीस चौकटीत तगरीचं फूल काढलं, मस्त गोल, आणि विणायला दिलं. विणून आलं ते उभं ताणलेलं, फुलाऐवजी भोपळ्याची बी म्हणा. कारण त्या कापडात इंचाला ताण्याचे ऐंशी आणि बाण्याचे साठच धागे होते, म्हणजे चाळीस चौकटी आडव्या अर्ध्या इंचात मावल्या आणि उभ्या चाळीसला मात्र दोन तृतीयांश इंच जागा लागली. कागदावरची चौकट चौरस होती आणि कापडावरची नव्हती. त्यामुळे विणकामाचा ग्राफ मुळात त्या कापडाच्या मापाने आखून घ्यावा लागतो, हे मला शिकवलेलं असणार पण डोक्यात शिरलं ते भोपळ्याची बी बघितल्यावर.

पैठणीत आणखी एक गंमत आहे. तिच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात अडकून परत फिरतो, म्हणून हातमागाची पैठणी उलटसुलट जवळजवळ सारखी दिसते. यंत्रावरच्या नक्षीत न लागणारे धागे मागच्या बाजूला लोंबतात किंवा कापलेले दिसतात, अंगठीत अडकतात ते हेच. पण याचा अर्थ असा की एका ओळीत जितके रंगाचे तुकडे तितक्या धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या विणकराने हाताने फिरवायच्या. काकूंच्या फोटोत एकेका पाकळीत पांढऱ्याच्या पाचसहा छटा होत्या आणि फुलं शेकडो. असा पदर अशक्य नाही म्हणत मी, पण तो विणणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करा.

एक फूल झालं, बाकीच्यांचं काय

आता रिपीट. हा एक शब्द लक्षात ठेवा, म्हणजे नक्षीचा असा तुकडा जो सगळ्या बाजूंनी स्वतःलाच जोडता येतो, बाथरूमच्या फरशीसारखा. फरशी नीट नसेल तर सांधा लगेच डोळ्यात जातो, कापडाचंही तसंच. सगळ्यात सोपं म्हणजे फूल शेजारी फूल खाली फूल, पण मग लांबून उभ्याआडव्या रेघा दिसायला लागतात आणि फुलं कवायतीला उभी राहिल्यासारखी वाटतात. त्यावर जुना उपाय म्हणजे पुढची ओळ अर्ध्याने सरकवायची, गवंडी विटा रचतो तशी. बहुतेक बुट्टीच्या साड्या अशाच असतात, घरातली एक काढून बघा.

इथे पाच पाकळ्यांची भानगड येते. सदाफुली पाच पाकळ्यांची, चाफा पाच, जास्वंद पाच. आणि पाच हा आकडा जमिनीवर बसत नाही. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, तीन जोडले की ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट उरते. चौकोन बसतो, षट्कोन बसतो, मधमाशीला ते माहितीये, पंचकोन नाही. एकटं फूल पाच पाकळ्यांचं खुशाल ठेवा, मोकळ्या जागेत ते छान दिसतं, पण फुलं एकमेकांना खेटून जाळी करायची म्हटली की भांडण सुरू. शिवाय चौकटीच्या कागदावर चार आणि आठ पाकळ्या अलगद बसतात, पाच बसवताना प्रत्येक पाकळीचा उतार वेगळा काढावा लागतो. विणलेल्या बुट्ट्यांत चार नि आठ पाकळ्या इतक्या दिसतात त्याचं हे एक कारण. कोणाला निसर्ग कळत नव्हता म्हणून नाही.

फूल बघायचं म्हणजे काय बघायचं

"निसर्गातून प्रेरणा घेतली" हे वाक्य प्रत्येक साडीच्या जाहिरातीत असतं आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा इंटरनेटवरून गुलाबाचा फोटो उतरवला एवढाच असतो. मी शिकायला आलेल्या मुलींना सकाळी मंडईत पाठवते, दहावीस रुपयांची सुटी फुलं आणा म्हणून, आणि मग रंगपेटी काढून घेते. फक्त पेन्सिल. पहिल्या दिवशी सगळ्या वरून बघून गोल फूल काढतात, सूर्यासारखं. दुसऱ्या दिवशी बाजूने काढायचं, तिसऱ्या दिवशी मागून, मग कळी, मग कोमेजलेलं. चौथ्या दिवशी कुरकुर सुरू होते, आणि साधारण तेव्हाच कोणाला तरी काहीतरी दिसतं.

काय दिसतं? जास्वंदीची ओळख पाकळ्यांत नाहीच, ती त्या लांब बाहेर आलेल्या दांडीत आहे, म्हणून जास्वंद बाजूनेच काढावी. कमळ पैठणीत बाजूने असतं आणि त्यामुळे चटकन ओळखू येतं, वरून काढलं तर झेंडूही वाटेल. तगरीच्या आणि सदाफुलीच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका बाजूला वळलेल्या असतात, आणि तो वळसा त्या झाडाचा ठरलेला असतो. आता डिझाईन करताना आपण सर्रास अर्धा काठ काढतो आणि उरलेला अर्धा आरशासारखा उलटवतो, की निम्म्या तगरी उलट्या फिरायला लागल्या. कोणाच्या लक्षात येतं? बागवाल्या माणसाच्या येतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मी एक तसला प्रिंट घालून गेले होते, आणि एका आजोबांनी थांबवून सांगितलं की तुमचं हे फूल चुकलंय. पुणं आहे, सांगणारच.

सगळं खरं काढलंच पाहिजे असं नाही बरं का. फिनलंडच्या मारिमेक्को कंपनीच्या प्रमुख आर्मी राटिया यांचं मत होतं की फूल झाडावरच सुंदर, कापडावर त्याची नक्कल नको. त्यांच्याच डिझायनर माइया इसोला यांनी तरी १९६४ मध्ये अफूच्या फुलाचा उनिक्को नावाचा प्रिंट काढला, मोठमोठे सपाट गोळे, सावली नाही छटा नाही, आणि तो आजही विकला जातो. त्यातलं फूल वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत नापास होईल. पण काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे बाईंनी पक्कं ठरवलं होतं.

कोयरी आंब्याचीच ना?

हे मला दर वेळी विचारतात. आपल्याकडे तिचं नावच कोयरी, त्यामुळे आंबा सोडून दुसरं काही डोक्यात येत नाही. पण काश्मिरी शालीवरची कोयरी बघितली तर तिच्या पोटात फुलंच फुलं असतात, आणि त्याची गोष्ट मजेशीर आहे.

मुघल बादशहा जहांगीर १६२० मध्ये वसंतात काश्मीरला गेला आणि तिथली फुलं बघून इतका खूश झाला की दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून शंभरावर फुलांची चित्रं काढून घेतली, असं तो स्वतः लिहून ठेवतो. त्याच काळात युरोपातली वनस्पतींची चित्रांची पुस्तकंही दरबारात पोचत होती. मग पुढे इमारतींवर, गालिच्यांवर, शालींवर एकेकटं उभं रोप दिसायला लागलं, देठ, पानं, वर एक फूल, शेंडा किंचित झुकलेला. अठराव्या शतकात त्या एका रोपाचा गुच्छ झाला, फुलं दाटत गेली. एकोणिसाव्यात गुच्छाला बाहेरून एक पक्की रेघ आली, शेंड्याची नुसती वळलेली चोच उरली आणि ती झाली आपण ओळखतो ती कोयरी. या शालींच्या नकला स्कॉटलंडच्या पेझली गावात इतक्या विणल्या गेल्या की इंग्रजीत त्या आकाराला गावाचंच नाव चिकटलं.

म्हणजे फुलाची कोयरी व्हायला दोनशे वर्षं लागली आणि कोणी एकाने ती "डिझाईन" केलेली नाही. प्रत्येक पिढीने समोरच्या शालीवरून आपली शाल विणली आणि थोडं काहीतरी गळत गेलं, थोडं वाढत गेलं. आपली असावली, म्हणजे पैठणीतली फुलं आणि वेल, ती पण बघा, कुठलं फूल आहे सांगता येत नाही पण फूल आहे याबद्दल शंका नाही.

साडी नेसल्यावर फूल कुठे जातं

हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. साडी साधारण साडेपाच मीटरची. टेबलावर पसरलेली दिसते तशी ती अंगावर कधीच दिसत नाही, मधला मोठा भाग निऱ्यांत जातो, काही आत खोचला जातो. खालच्या भागात साडीची रुंदी उभी असते, काठ जमिनीलगत. आणि पदर खांद्यावरून मागे सोडला की साडीची लांबी उभी होते. म्हणजे निऱ्यांजवळ ताठ उभं असलेलं तेच फूल पदरावर आडवं झोपतं! म्हणून पदराची नक्षी वेगळी काढतात, आणि म्हणूनच अंगभर टाकायच्या बुट्ट्या बऱ्याचदा गोल असतात किंवा तिरक्या, म्हणजे कुठूनही बघितलं तरी पडलेल्या वाटत नाहीत.

एआयच्या फोटोत बाई पुतळ्यासारखी उभी असते आणि प्रत्येक फूल आपल्याकडे तोंड करून. निऱ्या पडल्या तरी फूल मोडत नाही त्यात. खऱ्या निरीत मोडतं.

मग डिजिटल प्रिंट मारा की सरळ!

मारा. खरंच मारा, मी विरोधात नाही. कागदावर प्रिंटर चालतो तसाच तो कापडावर चालतो, रंगांची मर्यादा नाही, छटा हव्या तितक्या. लाकडी ठशाच्या छपाईत एका रंगाला एक ठसा लागतो, स्क्रीनला एका रंगाला एक स्क्रीन, तिथे चार रंगांच्या पुढे गेलं की खर्च आणि वैताग दोन्ही वाढतो. डिजिटलला ते काही नाही, काकूंचा फोटो जसाच्या तसा कापडावर येईल.

पण त्याला पैठणी म्हणू नका एवढंच. आणि माझा अनुभव असा की फोटोसारखं फूल कापडावर पहिल्यांदा बघताना "अय्या" होतं आणि चौथ्यांदा नेसताना कंटाळा येतो, कारण त्यात बघणाऱ्याला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. अर्थात हे माझं मत. माझी मावशी फोटोवाल्या गुलाबांची साडी अकरा वर्षं नेसतीये आणि तिला कोणी सांगायला जाऊ नये.

फुलाचाच रंग का नाही वापरायचा?

वापरतात, पण जे फूल जितकं भडक तितका त्याचा रंग भरवशाचा असं अजिबात नाही. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळलं तर ते लाल होतं, सोडा टाकला तर हिरवट, असा रंग कापडावर कुठे टिकणार? गुलाबाचंही तेच. मी एकदा पारिजातकाच्या देठांत रेशमी स्कार्फ रंगवला होता, केशरी असा सुंदर आला की बघत राहावं, आणि खिडकीशी वाळत टाकून विसरले. आठवड्याने अर्धा स्कार्फ चहा सांडल्यासारखा झाला होता.

टिकणारा आणि सहज मिळणारा म्हणजे झेंडू. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी घराघरातून पोतीभर निघतो, त्यातला धरून ठेवा. पण नुसत्या उकळीने भागत नाही. कापड आणि रंग यांची पत्रिका जुळत नाही, मध्ये कोणीतरी पडावं लागतं, त्याला रंगबंधक म्हणतात आणि आपल्या घरातला रंगबंधक म्हणजे तुरटी. शंभर ग्रॅम रेशमाला दहापंधरा ग्रॅम तुरटी, कोमट पाण्यात आधी मुरवायचं, मग झेंडूच्या पाण्यात. पिवळाधमक येतो. त्याच पाण्यात थोडं लोखंडाचं पाणी पडलं तर पिवळ्याचा शेवाळी होतो, एकच फूल आणि दोन रंग. सुती कापडाला मात्र तुरटीच्या आधी हिरडा लागतो, नाहीतर रंग धरत नाही नीट.

हीच विद्या आपल्याकडच्या छपाईवाल्यांना शतकानुशतकं येत होती, आणि धुतलं तरी न जाणारी फुलांची छींट, म्हणजे छापील सुती कापड, युरोपात पोचल्यावर तिथल्या विणकरांचं धाबं दणाणलं. फ्रान्सने १६८६ मध्ये तिच्यावर बंदी घातली ती १७५९ पर्यंत टिकली. कापडावरच्या फुलांना घाबरून सरकारने कायदा करायचा, विचार करा.

फूल कोणाच्या बापाचं नाही, मग डिझाईन कोणा एकाचं कसं असतं?

हा आक्षेप बरोबर आहे आणि गोष्ट पण आपल्याला माहितीये, झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या दारात. फूल सगळ्यांचं. असावली, मुनिया, बांगडी मोर या पैठणीतल्या जुन्या नक्ष्याही कोणा एकाच्या नाहीत. पण त्या फुलावरून कोणी नवीन नक्षी काढली तर ती डिझाईन कायद्याखाली, म्हणजे २००० च्या, नोंदवता येते, आधी दहा वर्षं आणि मग आणखी पाच. आणि नोंदवली नाही तर? तर एक बारीक मेख आहे जी आम्हा लोकांना उशिरा कळते. नोंदवण्यासारखं डिझाईन न नोंदवता पन्नासाहून जास्त वेळा यंत्राने वगैरे उत्पादनात आणलं की त्याच्यावरचा कॉपीराइट संपतो. माझा एक वेलीचा प्रिंट असाच गेला, दुसऱ्याच कोणीतरी कुर्ते काढले आणि मी ते विकत घेऊन घरी बसले.

पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण ते नावाला संरक्षण आहे, म्हणजे कुठेही कसंही विणलेलं कापड पैठणी म्हणून विकता येऊ नये म्हणून. कमळ काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

काकूंचं काय झालं

काकूंना मी हे सगळं सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता, आणि म्हटलं अंगभर छोट्या बुट्ट्या करू, पदर साधा जरीचा ठेवू. चोवीस चौकटींत पारिजातक बसवलं. झाडावर पाकळ्या पाच ते आठ कितीही असतात, त्यामुळे मी बिनधास्त आठ घेतल्या, चौकटीला सोयीच्या. पांढऱ्याची एकच छटा, मध्ये केशरी ठिपका. मला स्वतःला आवडलं होतं. कागद घेऊन खाली गेले.

काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण सडा असा नसतो. पारिजातक पडतं ते पालथं पडतं. देठ वर असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेटपाशी जाऊन बघितलं. खरंच. दहातली सातआठ फुलं तरी पालथी, पांढऱ्यातून केशरी देठ वर आलेला आणि जरासा कलंडलेला, कोणाचा इकडे कोणाचा तिकडे. इतकी वर्षं मी ते झाड ओलांडून स्कूटर काढतेय आणि मुलींना फूल मागून काढायला सांगतेय.

आता बुट्टीत पाकळ्या तशाच ठेवल्यात, फक्त मधल्या ठिपक्यातून तीन चौकटींचा केशरी देठ तिरका बाहेर येतो. चार बुट्ट्या, चार दिशांना कललेल्या, त्यामुळे नेसल्यावर आडवं झालं काय आणि उभं झालं काय, सड्याला वरखाली नसतंच. पाव वळसा फिरवलेल्या दोन बुट्ट्यांचा ग्राफ मात्र नव्याने काढावा लागतोय, चौकट चौरस नाही ना. काकू रोज विचारतात किती झालं. आज तिसरी काढतेय.